सर्व्हर गावात, पाहणारे मुंबईत

घरच्या फाइल सर्व्हरविषयी, म्हणजे कुटुंबाच्या फाइल एका जागी ठेवून त्या इतरांना पुरवणाऱ्या संगणकाविषयी, आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी निवडली आहेत. चारही कोकण किनारपट्टीवरची आहेत. तक्रारी वरवर वेगवेगळ्या दिसल्या तरी बहुतेकांचे मूळ अपलोडमध्ये आहे, म्हणून पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले असून पुढच्या उत्तरांत त्याचाच आधार घेतला आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमचे घर गुहागर तालुक्यात आहे. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालून आणि त्याला ४ टीबीची हार्ड डिस्क जोडून मी घरचा सर्व्हर तयार केला आहे. त्यावर कुटुंबाचे फोटो, नमनाच्या प्रयोगांची आणि शिमग्यातील पालखीची चित्रणे असे मिळून सुमारे २ टीबी साहित्य आहे. मुंबईचा भाऊ आणि पुण्याची बहीण सिंकथिंग हा वेगवेगळ्या संगणकांवरचे फोल्डर सारखे ठेवणारा प्रोग्राम वापरून ते आपापल्या संगणकावर उतरवून घेतात. अडचण अशी, की त्यांचे काम सुरू झाले की आमच्या मुलीचा ऑनलाइन वर्ग तुटक होतो आणि व्हॉट्सॲपवरचा कॉलही लागत नाही. कंपनीचा माणूस येऊन तपासून गेला आणि लाइन उत्तम आहे असे म्हणाला. आमचा प्लॅन ५० एमबीपीएसचा आहे. तो १०० चा करावा का?
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : इतक्यात करू नये. आपण पत्रासोबत जोडलेल्या स्पीड टेस्टच्या चित्रात डाउनलोड ४८ आणि अपलोड १० एमबीपीएस दिसते, आणि आपल्या अडचणीचे कारण त्या दुसऱ्या आकड्यात आहे. कनेक्शन विकणारा आणि घेणारा दोघेही पहिल्याच आकड्याविषयी बोलतात. जानेवारी २०२३ मध्ये आपल्याकडे ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस करण्यात आली, तीही डाउनलोडचीच. ज्या घरात फक्त बातम्या वाचल्या जातात आणि मालिका पाहिल्या जातात तिथे हे खपून जाते. मात्र घरात सर्व्हर ठेवला, की भावाचे प्रत्येक डाउनलोड हे आपले अपलोड होते.

आधी हिशेब पाहू. एमबीपीएसमध्ये मोजले जातात ते बिट आणि फाइलच्या आकारात मोजले जातात ते बाइट. एका बाइटमध्ये ८ बिट असल्याने १० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १.२५ एमबी, आणि वरखर्च वजा जाता हाती येते साधारण १.१५ एमबी. पालखीचे ४ जीबीचे एक चित्रण मुंबईला पोचायला तासभर लागणार हे यावरून उघड आहे. तेवढा वेळ अपलोड भरलेले राहिले तर त्याबद्दल कोणाची तक्रार असणार नाही. पण मुलीचा वर्ग का तुटावा? तिच्याकडे तर शिक्षकांचे चित्र येते, म्हणजे डाउनलोड होते, आणि ते तर रिकामेच पडलेले आहे.

याचे उत्तर मोडेमच्या आत लागणाऱ्या रांगेत आहे. सर्व्हर घरातल्या केबलवरून सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास माहिती देऊ शकतो आणि बाहेर मात्र सव्वा एमबीसुद्धा जात नाही. उरलेली माहिती मोडेमच्या साठ्यात थांबते. हा साठा भरून १ एमबीची रांग लागली, तर १० एमबीपीएसच्या वेगाने ती संपायला ०.८ सेकंद लागतो, आणि त्यानंतर घरातून निघालेल्या प्रत्येक गोष्टीला तेवढा वेळ रांगेच्या शेपटाशी उभे राहावे लागते. त्यात मुलीचा आवाज असतो, कॉल जोडण्याची विनंती असते आणि ‘तुम्ही पाठवलेले मिळाले, पुढचे पाठवा’ अशा, डाउनलोड चालू राहण्यासाठी परत जाव्या लागणाऱ्या पोचपावत्याही असतात. पोचपावती उशिरा गेली की पलीकडचा सर्व्हर हात आखडता घेतो, आणि म्हणूनच अपलोड भरले की डाउनलोडही रांगू लागते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार संभाषणात एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. आपल्याकडे तो त्याच्या पाचपट होत असणार. तंत्रज्ञ या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात.

याची खात्री घरीच करता येते. वाय-फाय बाजूला ठेवून केबलने जोडलेल्या संगणकावर एखाद्या प्रसिद्ध संकेतस्थळाला सलग पिंग करत राहावे, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजत राहावे, आणि घरात दुसरे काही चालू नसताना येणारा आकडा पाहावा. तो बहुधा २० ते ४० मिलिसेकंदांच्या दरम्यान असेल. मग भावाला फाइल उतरवायला सांगावे. आकडा चढत चढत ७००–८०० वर गेला आणि त्याने काम थांबवताच पुन्हा खाली आला, तर निदान पक्के झाले. कंपनीच्या माणसाने रिकामी लाइन तपासली, त्यामुळे त्याच्या मोजणीत काही खोट नव्हती आणि आपल्या तक्रारीतही नाही. १०० च्या प्लॅनमध्ये अपलोड २० झाले तर फाइल अर्ध्या वेळात जाईल, एवढेच. ती जात असताना रांग लागायची ती लागेलच.

उपाय असा, की लाइनच्या खऱ्या ताकदीपेक्षा थोडी कमी मर्यादा आपणच घालावी, म्हणजे मोडेममध्ये रांग साचत नाही. सर्वांत सोपी जागा खुद्द सिंकथिंगमध्येच आहे. ‘सेटिंग्ज’मधील ‘कनेक्शन्स’ या पानावर ‘आउटगोइंग रेट लिमिट’ असा रकाना आहे. त्याचे एकक सेकंदाला किबीबाइट, म्हणजे १०२४ बाइट, असे आहे, आणि बरेच जण इथेच फसतात. साडेआठ एमबीपीएस हवे म्हणून ८५०० लिहिले, तर ती मर्यादा जवळजवळ ७० एमबीपीएस होते, म्हणजे आपल्या लाइनवर मर्यादा नसल्यासारखीच. आपण ९०० लिहावे. ते सुमारे ७.४ एमबीपीएस होते आणि उरलेले अडीच एमबीपीएस वर्गाला व कॉलला पुरतात. त्याखालची ‘लॅनमध्येही मर्यादा लावा’ ही खूण मुळातच बंद असते. ती तशीच ठेवावी, म्हणजे घरातल्या घरात फाइल हलवताना वेग कमी होत नाही. ज्यांच्याकडे आरसिंक ही फाइल पाठवणारी आज्ञा आहे त्यांनी ‘बीडब्ल्यूलिमिट’ हा पर्याय वापरावा; तिथेही आकडा नुसता दिला तर एकक हेच असते. नेक्स्टक्लाउड या घरच्या क्लाउडच्या संगणकावरील ॲपमध्ये वेगमर्यादा आहे, परंतु ती ज्याच्या त्याच्या संगणकापुरती असल्यामुळे मुंबईच्या भावाला त्याच्याकडे डाउनलोडची मर्यादा घालायला सांगावे लागते, आणि चाकरमान्यांना असे सांगून ते लक्षात राहील याची खात्री मी देणार नाही.

दुसरी आणि अधिक पक्की जागा म्हणजे राउटर. ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली चालणारा राउटर असेल तर त्यात ‘एसक्यूएम’ हा घटक बसवून ‘केक’ ही पद्धत निवडावी. इथे एकक सेकंदाला किलोबिट असते, म्हणून वर चुकीचा ठरलेला ८५०० हा आकडा इथे मात्र बरोबर आहे. केक आणि तिच्या आधीची एफक्यू-कोडेल या दोन्ही पद्धती रांग छाटतात आणि प्रत्येक संवादाची रांगही वेगळी धरतात. वाण्याच्या दुकानात महिन्याची यादी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकामागे फक्त काडेपेटी हवी असलेला माणूस उभा असेल, तर शहाणा वाणी त्याला आधी मोकळा करतो. तसेच आवाजाचे छोटे तुकडे इथे अवजड फाइलच्या आधी सुटतात. कोडेल ही कल्पना कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडली, आणि रांगेतला मुक्काम ५ मिलिसेकंदांच्या आसपास ठेवणे हे तिचे मूळ लक्ष्य आहे. केक २०१८ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, त्यामुळे यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. एक पथ्य मात्र पाळावे : राउटरमधील ‘हार्डवेअर ऑफलोडिंग’ चालू असेल तर माहिती या छाननीला वळसा घालून निघून जाते, म्हणून ते बंद करावे.

मर्यादेचा आकडा पहाटेच्या स्पीड टेस्टवरून ठरवू नये. फायबरच्या प्रचलित जीपॉन व्यवस्थेत एका धाग्यावर डाउनलोडला २.४८८ आणि अपलोडला १.२४४ जीबीपीएस एवढी ताकद असते आणि ती अनेक घरांत, बहुधा ३२ किंवा ६४ घरांत, वाटली जाते. शिवाय गावापर्यंत येणारी कंपनीची लाइनही सामाईक असते. रात्री ८ ते १० या वेळात तीन-चार दिवस मोजून जो सर्वांत कमी आकडा येईल त्याच्या ८५ ते ९० टक्के धरावे. गणपतीच्या दिवसांत घराघरांत चाकरमानी उतरले, की हा आकडा आणखी घसरतो. त्या आठवड्यापुरती मर्यादा निम्म्यावर आणावी किंवा सिंकथिंगला फक्त मध्यरात्रीनंतर मोकळीक द्यावी.

आता मर्यादेपेक्षाही महत्त्वाची गोष्ट. भाऊ आणि बहीण दोघेही आपल्याकडूनच फाइल घेत असतील तर एकच चित्रण आपल्या अरुंद लाइनवरून दोनदा जाते. सिंकथिंग फाइलचे तुकडे करून ते ज्याच्याकडे असतील त्याच्याकडून घेऊ शकते, परंतु त्यासाठी मुंबईचा आणि पुण्याचा संगणक एकमेकांना ओळखत असला पाहिजे. बहुतेक घरांत प्रत्येकाला फक्त गावच्या सर्व्हरशी जोडलेले असते. त्या दोघांना एकमेकांचे ‘डिव्हाइस’ म्हणून जोडून तोच फोल्डर वाटून घ्यायला सांगावे, म्हणजे जो तुकडा एकदा मुंबईत पोचला तो पुण्याला मुंबईच्या वेगवान लाइनवरून जाऊ शकेल आणि आपला भार बराच हलका होईल.

आणि संपूर्ण २ टीबी साहित्य अजून जायचे असेल, तर ते इंटरनेटवरून पाठवण्याचा आग्रह सोडावा. ८.५ एमबीपीएसने दिवसरात्र, अखंड पाठवले तरी सुमारे २२ दिवस लागतील, आणि जूननंतर आपल्याकडे २२ दिवस वीज अखंड राहत नाही. हार्ड डिस्कवर प्रत काढून मुंबईला जाणाऱ्या कोणाच्या तरी पिशवीत द्यावी. चिपळूणहून रात्री कोकणकन्येत बसलेली डिस्क सकाळी मुंबईत असते. भावाने ती प्रत त्या फोल्डरमध्ये ठेवून मगच सिंकथिंग सुरू करावे. जुळणारे तुकडे ओळखून ते पुन्हा मागवले जात नाहीत, त्यामुळे पुढे फक्त नवे साहित्य जात राहील.

प्रश्न : तारकर्लीजवळ आमचा होमस्टे आहे. हिशेब, फोटो आणि ड्रोनचे चित्रण घरच्या सर्व्हरवर असते आणि बंगळुरूला असलेल्या मुलाला ते लागते. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केले, म्हणजे बाहेरून येणारी विनंती सर्व्हरकडे वळवली, तरी बाहेरून सर्व्हर दिसत नाही. विंडोजचे शेअरिंग थेट इंटरनेटवर उघडावे, म्हणजे ४४५ क्रमांकाचे पोर्ट मोकळे करावे, असे एकाने सुचवले आहे. शिवाय पाहुणे वाय-फाय वापरू लागले की सगळेच मंदावते.
– एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : शेवटच्या सल्ल्यापासून सुरुवात करतो : ४४५ उघडू नये, कोणी कितीही सांगितले तरी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभर जो धुमाकूळ घातला तो याच शेअरिंगमधील त्रुटीवाटे, आणि त्या त्रुटीवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी देऊनही अगणित संगणकांवर तो बसवलेला नव्हता. होमस्टेचे हिशेब आणि पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती जिथे असतात त्या संगणकाचे दार रस्त्यावर उघडणे योग्य नाही.

पोर्ट फॉरवर्ड का लागू पडत नाही हे राउटरच्या पानावरचा ‘वॅन’ पत्ता, म्हणजे कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, पाहिला की कळेल. तो १००.६४ ते १००.१२७ या टापूतला असेल, तर कंपनीने एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवले आहेत. २०१२ मध्ये हा टापू त्याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. अशा वेळी बाहेरून येणारी विनंती कंपनीच्या यंत्रावरच थांबते, आपल्या राउटरपर्यंत ती येतच नाही. कंपनीकडून पैसे भरून स्थिर पत्ता घेणे हा एक मार्ग आहे. त्याआधी टेलस्केलसारखी, वायरगार्ड या सांकेतिक जोडणीच्या पद्धतीवर आधारलेली खासगी जोडणी करून पाहावी. सर्व्हर आणि मुलाचा संगणक दोघेही आतून बाहेर हाक मारत असल्याने त्यात पोर्ट उघडावे लागत नाही.

वेगाच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट तपासली पाहिजे. ही जोडणी शक्य तिथे दोन यंत्रांत थेट होते आणि शक्य नसेल तिथे मधल्या रिले सर्व्हरवरून फिरून जाते. रिलेवरून गेलेली फाइल बरीच सावकाश पोचते, आणि लोक उगाचच आपल्या लाइनला दोष देतात. टेलस्केलच्या ‘स्टेटस’ या आज्ञेत जोडणी थेट आहे की रिलेवरून, हे स्पष्ट दिसते. रिले दिसत असेल तर दोन्ही टोकांच्या राउटरवर आयपीव्ही६ ही इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत चालू करून पाहावी. त्यात पत्त्यांची टंचाई नसल्याने थेट जोडणीची शक्यता वाढते.

पाहुण्यांसाठी राउटरवर वेगळे ‘गेस्ट नेटवर्क’ काढावे आणि त्याला अपलोडची स्वतंत्र मर्यादा घालावी. समुद्रावरून परतलेले पाहुणे संध्याकाळी फोन वाय-फायला जोडतात आणि दिवसभराचे व्हिडिओ आपोआप क्लाउडवर चढू लागतात. फोनने घेतलेले चार-के चित्रण मिनिटाला १७० ते ३५० एमबी जागा खाते, आणि दहा माणसांच्या गटाने तासभर जरी चित्रण केले असेल तरी आपल्या लाइनचे काय होईल याचा अंदाज यावरून येईल. पहिल्या उत्तरातली केक ही पद्धत इथे विशेष उपयोगी आहे, कारण ती प्रत्येक यंत्राला समान वाटा देते. एकाच फोनने दहा जोडण्या उघडल्या म्हणून त्याला दहापट मिळत नाही. राउटरमागे अनेक यंत्रे असताना हे नीट चालण्यासाठी एसक्यूएमच्या प्रगत पर्यायांत ‘नॅट’ हा शब्द द्यावा लागतो, तेवढे विसरू नये.

प्रश्न : आमची दोन घरे आहेत, एक वेंगुर्ल्यात आणि एक सावंतवाडीत. दोन्हीकडच्या सर्व्हरवर एकच साहित्य राहावे अशी व्यवस्था केली आहे. प्लॅनला महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा आहे. अपलोड त्यात धरतात का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : सर्वसाधारणपणे दोन्ही दिशांची बेरीज धरली जाते, आपल्या खात्याच्या वापराच्या पानावर एका दिवसाचा आकडा पाहून ताळा करावा. १० एमबीपीएसचे अपलोड दिवसरात्र भरलेले राहिले तर दिवसाला १०८ जीबी आणि ३० दिवसांत ३२४० जीबी होतात. म्हणजे एकटा सर्व्हर अडकून बसला तरी मर्यादा जवळपास संपते, आणि असे अडकणे दुर्मीळ नाही : सतत बदलणारी एखादी मोठी फाइल, उदाहरणार्थ सीसीटीव्हीचे चित्रण किंवा चालू असलेल्या आभासी संगणकाची डिस्क, त्या फोल्डरमध्ये राहिली की दोन्ही घरे रात्रंदिवस एकमेकांना बदल कळवत बसतात. अशा फाइल सिंकथिंगच्या ‘इग्नोर पॅटर्न्स’मध्ये टाकाव्यात. सर्व्हरवर व्हीएनस्टॅट बसवले तर दिवसनिहाय वापर कळतो.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या फायबरचा वेग फारच कमी होतो. काचेच्या तारेवर पावसाचा परिणाम होतो का? आणि वीज जाऊन आली की तासभर इंटरनेट चालतच नाही, हे का?
– एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : काचेच्या धाग्यातून जाणाऱ्या प्रकाशाचे पाऊस काही बिघडवत नाही. बिघडते ते जोडपेटीत पाणी शिरल्याने, खांबावरून ओढलेली केबल फांदी पडून ताणली किंवा वाकली गेल्याने, आणि किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत ॲडॉप्टरची पिन गंजल्याने. हे ओळखण्याची सोपी खूण ओएनटीच्या, म्हणजे फायबर घरात जिथे जोडली जाते त्या पेटीच्या, पानावर असते : ‘आरएक्स ऑप्टिकल पॉवर’ या नावाने डीबीएम या एककात दिलेला, पोचणाऱ्या प्रकाशाच्या ताकदीचा आकडा. जीपॉनच्या नेहमीच्या यंत्रांत तो उणे ८ आणि उणे २७ यांच्या दरम्यान असावा लागतो. मे महिन्यात कोरड्या दिवशी तो लिहून ठेवावा. तेव्हा उणे २० असलेला आकडा जुलैत उणे २६ झाला असेल तर लाइनवर कुठेतरी प्रकाश गळतो आहे. ‘लॉस’चा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागण्याची वाट न पाहता तक्रारीत हे दोन्ही आकडे तारखांसह द्यावेत. नुसते ‘नेट स्लो आहे’ असे कळवले तर राउटर बंद करून चालू करा, एवढेच उत्तर मिळते. आकडा मे महिन्याइतकाच असेल, तर मात्र दोष धाग्याचा नाही. पहिल्या उत्तरातली पिंगची चाचणी करून पाहावी.

वीज आल्यानंतरच्या तासाचे कारण बहुधा आपल्याच घरात आहे. वीज नसताना साचलेले सगळे काम सर्व्हर, फोन आणि कॅमेरे एकदम सुरू करतात आणि अपलोड तुडुंब भरते. म्हणून वेगमर्यादा हाताने सुरू करण्याची सवय ठेवू नये. ती सर्व्हरच्या किंवा राउटरच्या कायमच्या सेटिंगमध्ये असावी, म्हणजे यंत्र जागे होतानाच लागू होईल. ओएनटी आणि राउटर बहुतेक वेळा १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे लेबलावरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घेतलेला छोटा डीसी यूपीएस त्या दोघांना पुरतो. सर्व्हरच्या हार्ड डिस्कला मात्र इन्व्हर्टरवरच ठेवावे, आणि विजा चमकू लागल्या की मांगरापर्यंत ओढलेली तांब्याची लॅन केबल दोन्ही टोकांना काढून ठेवावी.